बायकोच्या हातातलं जपान

माझी बायको रोज संध्याकाळी साडेपाचच्या तासाला तिच्या भावाबरोबर गेम खेळते आणि मला त्या भावाचा मत्सर वाटतो. माझं वय त्रेपन्न आहे. भाऊ तिचा सख्खा, तिच्याहून आठ वर्षांनी लहान, आणि राहतो जपानमध्ये, सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर. हे सगळं माहीत असूनही वाटतो.

आधी त्या तासाबद्दल सांगायला हवं, कारण तो तास माझा होता. मी भिंगारला लष्कराच्या एका भांडारात स्टोअरकीपर आहे, मुलकी नोकर. पाचला सुटतो, पाच वीसला क्वार्टरवर पोचतो. मुलगी शिकायला पुण्याला गेली, त्या जूनपासून आम्ही दोघं चहा घेऊन साडेपाचला बाहेर पडायचो. जुन्या बाजारापर्यंत जायचं, भाजी घ्यायची, मागच्या रस्त्यानं परत यायचं. माझी पावलं तीन हजार चारशे, तिची चार हजारांच्या वर, कारण ती बुटकी आहे. चालताना फार बोलणं व्हायचं असं नाही. ती भाजीवालीशी बोलायची, मी पिशवी धरायचो. पावणेसातला घरी दिवा लावून वंदना म्हणायची, मग स्वयंपाक. पाहुण्यांचे, आजारपणाचे आणि पावसाचे दिवस वजा केले तरी सातशे फेऱ्या झाल्या असतील.

मग मेहुणा सुट्टीवर आला.

तो मूळचा जामखेडकडचा, म्हणजे दोघंही तिकडचीच. सासूबाई दिवसभर शेतात असायच्या, त्यामुळे त्याला हिनंच कडेवर वाढवला. त्यानं डिप्लोमा केला, पुण्यात जपानी भाषेचे क्लास केले आणि तिकडच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात लागला. येताना त्यानं हिच्यासाठी हातात धरून खेळायचं एक जपानी यंत्र आणलं. मधे पडदा, दोन्ही बाजूंना बटणं. त्याच्याकडं तसंच दुसरं होतं. माझ्यासाठी त्यानं मोजे आणले, अंगठ्याला वेगळी खोळ असलेले. ते मी अजून वापरतो, चांगले आहेत.

यंत्राचं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. चारशे ग्रॅमला दोन कमी. एवढ्याशा वस्तूनं काय होणार, असं मला वाटलं होतं.

खेळ शेतीचा आहे. डोंगराच्या कुशीत एक खोरं, त्यात दोघांची वावरं, एक ओढा, मासे, फुलझाडं. हिच्या यंत्रात ते खोरं आहे आणि भाऊ तिकडून इंटरनेटवरून त्यात येतो. आपल्याकडं साडेपाच म्हणजे तिकडं रात्रीचे नऊ, तो जेवून मोकळा झालेला असतो. ही ओट्याशेजारी स्टुलावर बसते, फोन चमच्यांच्या स्टँडला टेकवून स्पीकरवर ठेवते, आणि दोघांचं सुरू होतं.

"ताई, तुझा भोपळा माझ्या वावरात आलाय बघ."

"ऱ्हाऊ दे की. तुझ्या वावरात तेवढंच एक हिरवं दिसंल."

"लई बोलती बरं का तू. मी मासं धरायला चाललो."

"जा. मागच्या टायमाला बूट धरला हुता. आज काय धरतोस बघू."

मी हॉलमध्ये पेपर धरून हे ऐकायचो. मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास झाला असेल तर तो या बोलण्याचा. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी माझ्या बहिणी तिच्या जामखेडी बोलण्याला हसल्या होत्या. तेव्हापासून तिनं ते बोलणं घडी घालून ठेवून दिलं. माझ्याशी ती चोवीस वर्षं पुस्तकातल्यासारखं बोलत आली आहे: अहो, चहा ठेवलाय. अहो, छत्री घ्या. आणि इथं भिंतीपलीकडं एक वेगळीच बाई बोलत होती, मोठ्यानं, टोमणे मारत. ही बाई मला कधी भेटलेलीच नव्हती. एका संध्याकाळी मी मोजलं. तासाभरात ती एकोणीस वेळा हसली. बाजाराच्या फेरीत माझ्या आठवणीतला आकडा जास्तीत जास्त चार, आणि त्यातलेही तीन भाजीवालीचे.

दोन महिने असे गेले. फिरायला एकटा जाऊन पाहिलं, भाजी चुकीची आणली. मग मी ठरवलं की तिला गेमच खेळायचा असेल, तर आपण याहून चांगलं यंत्र घेऊ आणि दोघं मिळून खेळू.

आमच्या भांडारात कुठलीही वस्तू घ्यायची झाली तर आधी तुलनात्मक तक्ता करावा लागतो. उभ्या रकान्यात मुद्दे, आडव्यात वस्तू. मी तसा तक्ता केला, बारा मुद्द्यांचा: चित्राची स्पष्टता, वेग, साठवण, आवाज, एका वेळी किती खेळाडू, हमी, आणि असं बरंच. एका बाजूला हिचं जपानी यंत्र, दुसऱ्या बाजूला टीव्हीला जोडायचं अमेरिकी कंपनीचं. निकाल अकरा विरुद्ध एक लागला. जपानी यंत्र फक्त वजनात जिंकलं. मी तक्ता दोनदा तपासला. चूक नव्हती. आठ दिवसांत अमेरिकी यंत्र घरी आलं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही खेळलोच नाही. यंत्र सुरू केल्यावर ते म्हणालं, आधी मला अद्ययावत करा. आमच्या क्वार्टरमधल्या इंटरनेटला त्यासाठी दोन तास दहा मिनिटं लागली. ही सोफ्यावर वीस मिनिटं बसली, मग उठून मेथी निवडायला गेली.

दुसऱ्या संध्याकाळी तिनं कंट्रोलर हातात घेतला. आमच्या घरात त्याला रिमोटच म्हणतात. तिच्या हाताला दोन-चारची बांगडी सैल होते. तिचा अंगठा काही बटणांपर्यंत पोचेना. पोचला तिथं वेगळाच घोळ झाला. तिच्या जपानी यंत्रावर उजव्या टोकाचं बटण म्हणजे 'हो' आणि खालचं म्हणजे 'नको, मागे चला'. अमेरिकी यंत्रावर बरोबर उलटं. तिचा अंगठा सवयीनं उजवीकडं जायचा आणि खेळ बंद पडून पहिल्या पानावर यायचा. असं आठ वेळा झालं.

"अहो, याला हो म्हटलं की हे मागं जातंय."

"खालचं दाब ना. खालचं म्हणजे हो."

"का पण?"

तक्त्यात हा मुद्दा नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी लढाईचा खेळ लावला, कारण दुकानदार म्हणाला होता की सगळे तोच घेतात. पडद्यावर भिंतीआडून एक माणूस आला. हिनं बंदूक खाली धरली.

"मारा की," मी म्हणालो. घाईत मी तिला अहो-जाहो करत होतो.

"समोर माणूस दिसला की मारायचाच का? आधी विचारा तरी, कुठला, कोणाचा."

तेवढ्यात त्यानंच हिला मारलं. ही म्हणाली, "बघा, हा पण तसलाच." आणि त्याच क्षणी शेजारच्या वहिनी उघड्या दारात उभ्या राहिल्या. आमच्याकडं संध्याकाळी दार उघडंच असतं, लाइनीत सगळ्यांचंच असतं. "काय, दोघं सिनेमा बघताय वाटतं?" असं त्या हसून म्हणाल्या आणि ही रिमोट उशीखाली सारून उभी राहिली, जशी सासरे आल्यावर उभी राहायची. ती परत बसली नाही. चौथ्या दिवशी साडेपाचला स्वयंपाकघरातून आवाज आला, "ताई, हायस का?" आणि ती म्हणाली, "हाय की. कुठं जाती मी?"

पुढचे दहा-बारा दिवस मी हॉलमध्ये एकटा मोटारींच्या शर्यती खेळलो. आवाज जरा मोठा ठेवायचो. स्वयंपाकघरात ऐकू जावा, एवढाच हेतू. आत गेलेला आवाज परत हसण्याच्या रूपानं यायचा. ती दोघं माझ्या मोटारीला हसत नव्हती, त्यांना त्यांचं पुरेसं होतं, हे मला पक्कं कळत होतं.

मग एका रविवारी मेहुण्यानं व्हिडिओ कॉल लावला आणि हिनं फोन माझ्या हातात दिला.

"दाजी, ते अमेरिकेचं घेतलं व्हय तुमी?"

"घेतलं. का?"

"अवो मला इचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

"हेच की ताई न्हाई खेळायची. आख्ख्या जपानला ते खेळवायला त्या कंपनीला जमलं न्हाई, तुमी भिंगारात कुठं घेऊन बसला!"

मागून ही म्हणाली, "त्यांनी तक्ता केला होता. बारा मुद्द्यांचा."

"आनि?"

"अकरा-एक."

तो इतका हसला की त्याचा फोन कलंडला आणि मला त्याच्या खोलीचं छत दिसलं. मला राग आला होता, पण उत्सुकताही होती. मी विचारलं, "जपानी लोकांना का नको ते? यंत्र तर चांगलं आहे. माझ्याकडं आकडे आहेत."

"चांगलंच हाय. कोन न्हाई म्हनतंय? पन थांबा, तुमाला खोली दाखवतो." तो फोन घेऊन चालायला लागला. "ह्यो दरवाजा. ही शेगडी. ही गादी. झाली खोली." मी पावलं मोजली, पाच. "आता सांगा, तुमचं यंत्र ठिवू कुठं? टीव्हीच न्हाई माझ्याकडं. माझ्या शेजारच्या मशीनवर एक गडी हाय, पन्नाशीचा, तुमच्याच वयाचा. त्याच्या घरी टीव्ही हाय, पन त्याच्यापुढं म्हातारी बसती. मग ह्यो कुठं खेळतो? कामावर येता-जाता गाडीत. उभ्यानं. स्टेशन आलं की पडदा बंद, यंत्र पिशवीत. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं."

"पण घरं सगळ्यांचीच लहान नसतील."

"न्हाईत ना. मी बघितलेलंच सांगतो. आमच्या लाईनीवर अकरा जन हायेत. दोघं खेळतच न्हाईत. नऊ जनांकडं हे, माझ्या हातातलं. जेवनाच्या सुट्टीत काढतेत आनि एकमेकांच्या खेळातल्या गावाला जातेत. मी नवीन गेलतो तवा मला भाषा तेवढी येत नव्हती, कुनी बोलायचं न्हाई. मी कुठलं घेनार? ज्याच्यावर नऊ मानसं भेटतेत तेच की."

मी म्हणालो की अकरा माणसांवरून देशाचा हिशोब निघत नाही. तो म्हणाला, बरोबर, पण एका माणसाचा निघतो. मग तो अजून सांगत राहिला. तिकडच्या लोकांच्या बापांनीही लहानपणी तिकडचीच यंत्रं वापरलेली. त्याच गोष्टी, खेळातले तेच गडी, नवीन कपडे घालून दरवर्षी येतात आणि लोक त्यांना ओळखतात. कुठल्या बटणाला हो म्हणायचं हेसुद्धा तिकडच्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं, बाहेरचा नंतर आला आणि उलटं ठरवून आला. अमेरिकेचं पहिलं यंत्र आलं ते भलंमोठं. मग त्यांनी रिमोट बारीक केला, तिकडच्या कारागिरांकडून खेळ करून घेतले. काही जणांना आवडतं, नाही असं नाही. "पन दुकानात अजून त्याची एकच फळी असती, दाजी. कोपऱ्यात. कुनी बघत न्हाई तिकडं. पन धूळ बसू देत न्हाईत. दुकानदार जपानी हाय ना, रोज पुसतो."

फोन ठेवल्यावर मी हॉलमधल्या आमच्या यंत्राकडं पाहिलं. त्यावरही धूळ नव्हती. ती मीच पुसत होतो.

त्या अमेरिकी कंपनीबद्दल मला एकदम नातेवाइकाबद्दल वाटावा तसा जिव्हाळा वाटायला लागला. त्यांच्याही कचेरीत माझ्यासारखा कुणीतरी असणार. त्यानं तक्ता केला असणार, दोनदा तपासला असणार, आणि त्याचं गणित बरोबरच असणार. मी दुसऱ्या दिवशी माझा तक्ता परत काढला आणि दोन मुद्दे खाली लिहिले: ती कुठं बसते, आणि तिथं तिला कोण भेटतं. दोन्हीत माझ्या यंत्राला शून्य. चोवीस वर्षं मी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेली बघतोय. हॉलमधल्या सोफ्यावर ती फक्त फोटो काढताना बसते. हे मला ठाऊक होतं. मोजायचं मात्र सुचलं नव्हतं.

कळलं म्हणून मत्सर कमी झाला असं नाही. उलट आता तो मुद्देसूद झाला.

पुढच्या महिन्यात मेहुण्याची पाळी बदलली. चार आठवडे दुसरी पाळी, म्हणजे आपल्या साडेपाचला तो मशीनवर. मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. त्या सोमवारी मी पाच वीसला घरी आलो आणि म्हणालो, "चल, बाजारात जाऊन येऊ." ती लगेच निघाली. पण चढावर पोचेपर्यंत ती म्हणाली, "आता त्याची जेवणाची सुट्टी झाली असेल." पुढं वांगी घेताना म्हणाली, "तिकडं वांगी बोटाएवढी असतात म्हणे." परत येईपर्यंत त्याचं नाव चौदा वेळा निघालं. समोर नसलेला माणूस जास्त जागा अडवतो. घरी आल्या आल्या ती स्टुलावर बसली, कारण त्याच्या वावराला पाणी घालायचं होतं. तो तिला सांगून ठेवून गेला होता.

आठवडाभर हे पाहून मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि विचारलं, "मला येता येईल का त्यात?"

तिनं वर पाहिलं. "कशाला? तक्ता करायला?"

"नाही. असंच."

"मागं लागला होता ना हॉलमध्ये बस म्हणून. आता इथं कुठं बसणार तुम्ही?"

प्रश्न खरा होता. मी हॉलमधून खुर्ची आणली तर फ्रीजचं दार उघडेना. शेवटी मी खाली, पिठाच्या डब्याला टेकून बसलो. तिनं माझं नाव खोऱ्यात घातलं. नवीन माणसाला तिथं घर मिळत नाही, ओढ्याकाठी एक तंबू मिळतो. मला खुरपं, झारी आणि फावडं दिलं. ती कणीक मळायला उठताना म्हणाली, "तेवढं त्याच्या वावराला पाणी घाला. दुसरं काही करू नका."

तीन संध्याकाळी मी फक्त पाणी घातलं. चौथ्या दिवशी ती शेजारी गेली होती आणि यंत्र माझ्या हातात होतं. मेहुण्याच्या वावराकडं बघताना माझ्या लक्षात आलं की त्याचा बांध वाकडा आहे. सरळ येतो, मधेच पोटात घेतल्यासारखा आत वळतो आणि पुन्हा सरळ होतो. त्या वळणापायी सात वाफे वाया जात होते. सात वाफे म्हणजे हंगामाला एकवीस भोपळे. मला वाटलं, आपण हे नीट करून दिलं तर दोघांनाही बरं वाटेल. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्याच्यापेक्षा मी नीट करतो हे तिला दिसेल. पाऊण तासात मी बांध उकरला, दगड आणि फुलझाडं हलवली आणि दोरी धरल्यासारखा सरळ करून ठेवला. वाफे अठ्ठावीसचे पस्तीस झाले.

ती आली, हात पदराला पुसून तिनं यंत्र घेतलं, आणि बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"ह्ये काय करून ठिवलं तुमी?"

मी म्हणालो, "सात वाफे वाढले."

"आगीत घाला ते वाफे! बांध सरळ केला व्हय? कुनी सांगितलं हुतं? आं? पानी घाला म्हनलं हुतं ना मी? आवो, आमच्या वावराचा बांध हाय तो. जामखेडचा. त्यानं बसून बसून तसाच्या तसा काढला हुता, चिंच, हीर, समदं. तिकडं चुलत्यानं ट्रॅक्टर घालून खरा बांध कवाच सपाट केला. एवढाच ऱ्हायला हुता."

डोळ्यांत पाणी होतं आणि ती भांडत होती, आणि मी पिठाच्या डब्याला टेकून ऐकत होतो. मला लाज वाटत होती. त्याच वेळी दुसरंही काही वाटत होतं. ती बाई पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होती. हे कबूल करणं बरं दिसत नाही, पण मला अजून थोडी बोलणी चालली असती.

मी उठून माझी वही आणली. भांडारात माझा एक नियम आहे: जुनी जागा लिहिल्याशिवाय माल हलवायचा नाही. सवयीनं मी खोऱ्यातल्या बांधाचंही तेच केलं होतं. कुठल्या ओळीत कितव्या घरात दगड, कुठं पिवळं फूल, सगळं चौकटी आखून लिहिलेलं होतं. तिनं वही पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"तुमी वेडे हायेत," ती म्हणाली. "वाचा."

मी वाचत गेलो आणि ती लावत गेली. चौथी ओळ, डावीकडून दोन, दगड. पाचवी ओळ, डावीकडून तीन, दगड, त्याला लागून पिवळं फूल. बांध जागेवर यायला तीन संध्याकाळी लागल्या. त्या तीन दिवसांत मी आकड्यांशिवाय काही बोललो नाही आणि ती "हं, पुढं" यापलीकडं काही म्हणाली नाही. पण साडेपाच ते साडेसहा आम्ही एकाच पडद्यात डोकं घालून बसलो होतो, तिचा खांदा माझ्या कानाशी. मेहुणा मशीनवर होता.

पाळी संपून तो परत आला, त्या दिवशी हिनं त्याला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं सांगणार नाही.

"दाजींनी बांध कोरला!" तो ओरडला. "ताई, तलाठी बोलव. मोजनी लावू."

"मोजणी त्यांनीच केली आहे," ही म्हणाली. "वहीत आहे."

"दाजी, आता असं करा, तुमीबी माझ्यासारखं यंत्र घ्या. तिघं खेळू."

मी नको म्हणालो. त्याच्या यंत्रावर, त्याच्या खोऱ्यात, त्याच्या वेळेला, तिसरा म्हणून मला यायचं नव्हतं. तंबू मी ठेवला आहे, अधूनमधून जातो. पण त्या रात्री जेवताना मी तिला सरळ सांगितलं की मला साडेपाचचा तास परत हवा आहे. सगळा नको, पण हवा आहे. आणि मला तुझ्या भावाचा मत्सर वाटतो.

ती भाकरी मोडत म्हणाली, "ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही शर्यतीच्या मोटारी एवढ्या मोठ्यानं कशाला चालवत होता?"

आता वाटणी अशी आहे. साडेपाच ते सहा भाऊ, सहा ते पावणेसात मी. मी पायात चपला घालून दारात उभा राहतो. तो रोज उशीर करतो. गेल्या महिन्यातली सरासरी नऊ मिनिटं, आणि ती सगळी माझ्या वाट्यातून जातात. मी बोलून दाखवतो. ती फोनवर म्हणते, "ठिवते रं, हे थांबलेत," आणि तरी आणखी दोन मिनिटं बोलते.

परवा आम्ही बाजारातून मागच्या रस्त्यानं परत येत होतो. मी सहज विचारलं की तो बांध मुळात वाकडा का होता. मेहुण्यानं मला सांगितलं होतं की तिथं खाली खडक लागला म्हणून वडिलांनी वळवून घेतला.

"खडक नव्हता," ती म्हणाली. "अण्णा सगळ्यांना तसं सांगायचे." मग थोडं पुढं गेल्यावर तिनं सांगितलं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वडील पेरणीच्या आधी बांध घालत होते आणि बांधाच्या ओळीत बोरीचं झाड होतं. बोरीला झोळी बांधलेली होती आणि झोळीत हा झोपलेला, वर्षाचा. दोन दिवस ताप होता त्याला, नुकताच डोळा लागला होता. वडील म्हणाले, झोळी सोड, झाड काढायचं आहे. ही झाडाला पाठ लावून उभी राहिली आणि हलेचना. उन्हं उतरायला लागली. शेवटी वडिलांनी फावडं उचललं आणि बोरीला वळसा घालून बांध पुढं नेला.

"त्याला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"नाही. त्याला कशाला सांगायचं? लगेच रडतंय ते."

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्या माणसासाठी बांधसुद्धा वाकलेला आहे, आणि त्याला वाटतं तिथं खडक होता. माझ्यासाठी कुणी वीतभर माती हलवल्याचं मला आठवत नाही. पण खरं काय ते आता दोघांनाच ठाऊक आहे, तिला आणि मला.

मी त्याला ते सांगणार नाही.